एका व्हिडिओ फाइलमुळे सर्व्हर ठप्प: एफएफएमपेगमधल्या मेमरीच्या त्रुटींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या नौपाडा, वागळे इस्टेट आणि घोडबंदर रोड या पट्ट्यातल्या सहा-सात छोट्या स्टुडिओंची कॉम्प्युटर आणि सर्व्हर मी सांभाळतो. लग्नांचे व्हिडिओ, शाळांची स्नेहसंमेलनं, हौशी नाटकांच्या तालमी, गणेशोत्सव मंडळांची शूटिंग असं सगळं या मशीनवर येतं. ‘एफएफएमपेगमध्ये मेमरीची त्रुटी सापडली, ताबडतोब काढून टाका’ असा मेसेज ग्रुपवर फिरला की दोन दिवस माझा फोन थांबत नाही. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

प्रश्न: एफएफएमपेग म्हणजे काय? आम्ही तर ते कधी बसवलंच नाही.

बसवलं नसलं तरी ते तुमच्याकडे असण्याची शक्यता खूप आहे. फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केलेला हा मुक्त स्रोत प्रकल्प आहे. व्हिडिओ आणि ऑडिओ उलगडणं, एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलणं, कापणं, जोडणं ही कामं तो करतो. त्याची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, इतर असंख्य प्रोग्रामांच्या पोटात असते. व्हीएलसी, ओबीएस, हँडब्रेक, ब्लेंडर, केडेनलाइव्ह या सगळ्यांत ती आहे. क्रोम ब्राउझरमध्येही त्याची स्वतःची प्रत असते. तुम्ही फक्त प्लेअरचं चिन्ह पाहता, फाइल फोडून चित्र बाहेर काढण्याचं काम खाली एफएफएमपेग करत असतं.

प्रश्न: मेमरीची त्रुटी म्हणजे आमची रॅम खराब झाली का? नवीन रॅम टाकू का?

नको. पट्टी ठीक आहे, तिच्या हिशेबात गडबड आहे. मी हे नेहमी वाचनालयाच्या भाषेत समजावतो, कारण ठाणेकराला ते लगेच पटतं. १८९३ सालापासून गावात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आणि पुस्तक नेणं, परत करणं, नोंद करणं हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे.

प्रोग्राम चालताना तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून मेमरीचे तुकडे उसने घेतो आणि काम झाल्यावर परत करतो. एफएफएमपेग मुख्यतः सी भाषेत लिहिलेलं आहे आणि सी भाषेत हा सगळा हिशेब प्रोग्रामरने स्वतः ठेवायचा असतो. तो चार प्रकारे चुकतो. पुस्तक नेलं आणि परतच केलं नाही, तर हळूहळू कपाट रिकामं होतं. याला मेमरी लीक किंवा गळती म्हणतात. एकाच सभासदाने ‘मला पाच हजार पुस्तकं हवीत’ असं सांगितलं आणि खिडकीवरच्या माणसाने कार्ड न बघता दिली, तर ती झाली बेसुमार मागणी. पुस्तक परत केलं, ते दुसऱ्या वाचकाकडे गेलं, आणि पहिला वाचक अजूनही त्याच्या समासात लिहितोच आहे, हा प्रकार जास्त गंभीर. आणि लिहिता लिहिता आपल्या पानाची कड ओलांडून शेजारच्या पुस्तकावर लिहिणं हा चौथा, तोही तितकाच गंभीर.

पहिल्या दोन चुकांमुळे बहुतेकदा काम बंद पडतं. शेवटच्या दोन चुकांमधून कधीकधी हल्लेखोराला मशीनचा ताबाही मिळू शकतो. ‘मेमरीची त्रुटी’ या दोन शब्दांखाली चारही प्रकार येतात, म्हणून मेसेज आला की आधी पाहायचं ते हेच: चारपैकी कोणती?

प्रश्न: फाइल जेमतेम ४० किलोबाइटची होती. ती १६ गिगाबाइट रॅम कशी खाते?

मंगल कार्यालयाला फोन करून कोणी सांगितलं की पाच हजार पानं उठणार आहेत, आणि व्यवस्थापकाने खातरजमा न करता तेवढे टेबल-खुर्च्या मांडायला घेतल्या, तर पाहुणा एकही यायच्या आत हॉल भरतो. फाइलचंही तसंच आहे. प्रत्येक व्हिडिओ फाइलच्या सुरुवातीला माहितीचा भाग असतो: रुंदी इतकी, उंची इतकी, नोंदी इतक्या. डिकोडर, म्हणजे फाइल उलगडणारा भाग, तो वाचून आधी जागा मांडतो, प्रत्यक्ष चित्र नंतर येतं.

आकड्यांत बघू. नेहमीच्या फुल एचडी व्हिडिओची एक चौकट (फ्रेम) म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल. सर्वसाधारण रंगपद्धतीत प्रत्येक पिक्सेलला सरासरी दीड बाइट लागतो, म्हणजे एका चौकटीला सुमारे ३१ लाख बाइट. ही झाली तीन मेगाबाइट, त्यात काही विशेष नाही. आता फाइलने म्हटलं की मी १६,००० बाय १६,००० ची आहे. मग एकाच चौकटीला सुमारे ३८ कोटी ४० लाख बाइट लागतात. त्यात डिकोडरला मागच्या-पुढच्या चौकटी हाताशी ठेवाव्या लागतात, एच-२६४ या मानकात अशा संदर्भ चौकटी १६ पर्यंत असू शकतात. वर प्रोसेसरवर समांतर चालणाऱ्या प्रत्येक थ्रेडसाठी आणखी. आठ चौकटी झाल्या की तीन गिगाबाइट गेले. आणि हे सगळं मागायला फाइलमध्ये मोजके बाइट बदलावे लागतात.

अगदीच अचाट मापं एफएफएमपेग स्वतःच नाकारतं. त्रुटी राहतात त्या कमी वापरातल्या कोपऱ्यांत. एखाद्या जुन्या फॉरमॅटमध्ये नोंदींची संख्या चार बाइटमध्ये लिहिलेली असते, म्हणजे ती ४२९ कोटींपर्यंत जाऊ शकते, आणि तिथे ‘फाइल मुळात एवढी मोठी आहे का’ हे तपासायचं राहून गेलेलं असतं.

प्रश्न: यात आमचा डेटा चोरीला जातो का?

निव्वळ डिनायल ऑफ सर्व्हिस प्रकारच्या त्रुटीत नाही. नावाप्रमाणे सेवा नाकारली जाते: प्रोग्राम कोसळतो, मशीन लटकतं, रांगेतली कामं थांबतात. पण ‘चोरी नाही ना, मग सोडा’ हे मला मान्य नाही. रिसेप्शनच्या दिवशी संध्याकाळी सातला पडद्यावर फिल्म लावायची असते आणि पाच वाजता सर्व्हर हलत नाही, तेव्हा त्या कुटुंबाला डेटा सुरक्षित आहे हे सांगून काय उपयोग?

प्रश्न: आम्ही छोटे लोक. आमच्यावर कोण कशाला हल्ला करेल?

हल्ला व्हावाच लागतो असं नाही. माझाच अनुभव सांगतो. मी सांभाळतो त्यातल्या एका स्टुडिओत पाहुण्यांना क्यूआर कोडवरून आपापले क्लिप पाठवता येतात. एका रात्री कोणाच्या तरी फोनमधून अर्धवट अपलोड झालेली, आतून फाटलेली फाइल आली. हेतू काहीच नव्हता, नेटवर्क गेलं होतं इतकंच. पण तिच्या माहितीच्या भागात कचरा भरला होता, आणि डिकोडरने तो खरा मानला.

लिनक्समध्ये एक गंमत नव्हे, तर मोठी अडचण आहे. सिस्टिम मेमरी द्यायचं कबूल आधी करते आणि प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर जागा शोधते. जागा संपली की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एखादी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) मारून टाकतं. निवड करताना तो मुख्यतः सगळ्यात जास्त मेमरी कोणाकडे आहे हे बघतो. त्या रात्री एफएफएमपेगची चार कामं समांतर चालू होती, प्रत्येकाने थोडीथोडी मेमरी घेतली होती. सगळ्यात जाडजूड एकच प्रोसेस होती, ती म्हणजे डेटाबेस. कर्नलने तोच मारला. ज्याने चूक केली तो जिवंत राहिला आणि सगळ्या ऑर्डरींची नोंद ठेवणारा गेला. सकाळी मला पोचायला साडेआठ झाले, तोवर स्टुडिओवाल्या काकांनी चार ग्राहकांची बोलणी खाल्ली होती. ती माझ्यामुळे खाल्ली, कारण मर्यादा घालणं माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं.

प्रश्न: सर्व्हर रीस्टार्ट केला तरी दहा मिनिटांत पुन्हा तेच. असं का?

कारण ती फाइल अजून रांगेत आहे. या प्रश्नाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि नुकसान इथेच सगळ्यात जास्त होतं. बहुतेक रांगा अशा बांधलेल्या असतात की काम अर्धवट राहिलं तर ते पुन्हा करायचं. सद्हेतूने ठेवलेली ही सोय इथे उलटते. मशीन उठतं, रांगेतलं पहिलं काम घेतं, तीच फाइल उघडतं, पुन्हा आडवं होतं. एका फाइलने एकदा झालेलं नुकसान अशा रीतीने रात्रभर चालू राहतं.

उपाय असा: काम सुरू करण्याआधी डेटाबेसमध्ये ‘प्रयत्न क्रमांक इतका’ हे लिहा. संपल्यावर लिहिलं तर मशीन मध्येच मेलं की नोंद राहतच नाही. दोन प्रयत्न फसले की फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि माणसाला कळवा. तिथे ती आपोआप कोणी उघडणार नाही याची खात्री करा. हे मुद्दाम सांगतो, कारण एका ठिकाणी आम्ही फाइल बाजूला काढली आणि फाइल मॅनेजरने त्या फोल्डरचे थंबनेल बनवायला घेतले. थंबनेल बनवणं म्हणजे फाइल उलगडणंच. डबल क्लिक न करताही ती उघडली गेली.

प्रश्न: मग नक्की करायचं काय? एफएफएमपेग काढून टाकू?

काढून त्या जागी काय आणणार? कुठलाही दुसरा प्रोग्राम घेतलात तरी त्यात बहुधा हीच लायब्ररी निघेल. काढू नका, त्याच्याभोवती कुंपण घाला.

सगळ्यात महत्त्वाचं कुंपण ऑपरेटिंग सिस्टिमचं. डिकोडिंगचं काम वेगळ्या सीग्रुपमध्ये चालवा, म्हणजे लिनक्समध्ये प्रोसेसचा असा गट, ज्याला मेमरीची मर्यादा घालता येते. लिनक्सवर सेवा चालवणारं सिस्टिमडी वापरत असाल तर ‘मेमरीमॅक्स’, प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं डॉकर वापरत असाल तर ‘मेमरी’ हा पर्याय. फायदा असा की मर्यादा ओलांडली तर त्या गटातलीच प्रोसेस मरते, शेजारच्या डेटाबेसला धक्का लागत नाही. स्वॅपवरही, म्हणजे रॅमऐवजी वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेवरही, मर्यादा घाला, नाहीतर रॅमची मर्यादा पाळून ती प्रोसेस डिस्क खरवडत बसते आणि मशीन मेल्यापेक्षा वाईट अवस्थेत लटकतं. प्रोसेस अशी मारली गेली की बाहेर पडताना १३७ हा आकडा मिळतो, म्हणजे १२८ अधिक सिग्नल ९. तो लॉगमध्ये दिसला की समजा, बहुधा मेमरीच संपली.

दुसरं कुंपण एफएफएमपेगचं स्वतःचं. ‘मॅक्स पिक्सेल्स’ या पर्यायाने ठरावीक मापापेक्षा मोठं चित्र नाकारता येतं. ‘मॅक्स अलॉक’ने मेमरीच्या एका तुकड्यावर मर्यादा येते. इथे अनेकांचा गैरसमज होतो: ती मर्यादा एका तुकड्यावर आहे, एकूण वापरावर नाही. छोटे छोटे हजारो तुकडे घेऊन मेमरी संपवणारी फाइल तिथून आरामात निसटते. म्हणून हे कुंपण पहिल्याच्या बदली चालत नाही.

तिसरं वेळेचं. काही फाइली मेमरीऐवजी प्रोसेसर अडवून ठेवतात. एफएफएमपेगचा ‘टाइमलिमिट’ पर्याय प्रोसेसरने वापरलेला वेळ मोजतो, भिंतीवरचं घड्याळ नाही. नेटवर्कची वाट बघत बसलेली प्रोसेस त्यात सापडत नाही. म्हणून लिनक्सची ‘टाइमआउट’ कमांडही लावा.

आणि एक चूक टाळा, ती मी स्वतः वर्षभर करत होतो. फाइल आधी एफएफप्रोबने (एफएफएमपेगबरोबर येणारं, फाइलची माहिती दाखवणारं साधन) तपासायची, ठीक वाटली तरच पुढे न्यायची, अशी माझी पद्धत होती, आणि ते तपासणं कुंपणाबाहेर चालत होतं. पण एफएफप्रोबही तीच लायब्ररी वापरतं, तेच माहितीचे भाग वाचतं. पहारेकऱ्यालाच विष चाखायला लावलं तर त्यालाही आत ठेवायला हवं.

प्रश्न: मर्यादा किती ठेवू?

आपल्या खऱ्या फाइलींवर मोजून ठरवा. तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी सगळ्यात जड फाइल घ्या, ती चालवताना जास्तीत जास्त किती मेमरी लागते ते बघा, आणि त्याच्या दुप्पट मर्यादा ठेवा. फोर के शूटिंग करणाऱ्या स्टुडिओला एक गिगाबाइट कमी पडू शकतं आणि चांगली फाइल विनाकारण नाकारली जाते. शिकवणी वर्गांची ७२० पी रेकॉर्डिंग असतील तर तेवढं भरपूर. मग समांतर कामांची संख्या गुणिले मर्यादा हा आकडा मशीनच्या रॅमपेक्षा बराच खाली आहे ना, एवढा गुणाकार करून पाहा. आमच्याकडे तो कोणी केलाच नव्हता.

प्रश्न: अपडेट केलं, तरी आवृत्तीचा आकडा जुनाच दिसतो. दुरुस्ती आली की नाही?

आली असू शकते. डेबियनसारखी लिनक्सची वितरणं आकडा न बदलता फक्त सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणतात. डेबियन १२ मध्ये एफएफएमपेग ५.१ च्या मालिकेतलंच राहतं, पण त्यामागचा उपक्रमांक वाढत जातो. तेव्हा पॅकेजचा पूर्ण क्रमांक घ्या आणि वितरणाच्या सुरक्षा पानावर त्या त्रुटीच्या सीव्हीई क्रमांकापुढे, म्हणजे जाहीर त्रुटीला मिळणाऱ्या ओळख क्रमांकापुढे, काय लिहिलं आहे ते बघा.

उबंटू वापरणाऱ्यांनी एक गोष्ट खास लक्षात घ्यावी. तिथे एफएफएमपेग ‘युनिव्हर्स’ या विभागात आहे, आणि एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या, आवृत्त्यांत त्या विभागाच्या सुरक्षा दुरुस्त्या उबंटू प्रो या योजनेतून मिळतात. वैयक्तिक वापरासाठी ती पाच मशीनपर्यंत मोफत आहे. ‘मी रोज अपडेट करतो’ म्हणणाऱ्या दोघांकडे मी ती चालू नसलेली पाहिली आहे.

प्रश्न: विंडोजवर व्हीएलसी नवीन घेतलं. आता बाकी सगळं सुरक्षित ना?

फक्त व्हीएलसी. विंडोजवर प्रत्येक प्रोग्राम बहुधा लायब्ररीची आपली प्रत बरोबर आणतो. ओबीएसची वेगळी, हँडब्रेकची वेगळी. पायथनच्या ओपनसीव्हीसारख्या पॅकेजांतही ती भरलेली असते, आणि ती तर कोणाच्या लक्षातच येत नाही. एक कागद घेऊन मशीनवर व्हिडिओला हात लावणारे सगळे प्रोग्राम लिहून काढा. यादी अपेक्षेपेक्षा लांब निघते.

प्रश्न: एकीकडे ६.५ गुण लिहिले आहेत, दुसरीकडे ७.५. खरा आकडा कोणता?

दोन्ही बरोबर असू शकतात. त्रुटी किती गंभीर हे सांगणाऱ्या सीव्हीएसएस या मोजपट्टीत सेवा पूर्ण ठप्प करणारी, पण डेटाला हात न लावणारी त्रुटी घ्या. फाइल माणसाने उघडावी लागत असेल तर ६.५, म्हणजे मध्यम. कोणी काही न करता आपोआप उघडली जात असेल तर ७.५, म्हणजे उच्च. घरच्या लॅपटॉपला पहिला आकडा लागू, क्यूआर कोडवरून क्लिप घेणाऱ्या स्टुडिओला दुसरा.

प्रश्न: फुकटचं सॉफ्टवेअर आहे, म्हणूनच असं होतं ना?

हे ऐकलं की मला वाईट वाटतं. त्रुटी दिसतात याचं मोठं कारण म्हणजे तिथे शोधणारे आहेत. गूगलच्या मातेउश युर्चिक आणि गिनवाएल कोल्डविंड या दोघांनी मुद्दाम बिघडवलेल्या फाइली एफएफएमपेगला खाऊ घालून पाहिल्या. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार त्यातून हजारांहून जास्त दुरुस्त्या झाल्या होत्या. डिसेंबर २०१६ मध्ये ओएसएस-फझ हा उपक्रम सुरू झाला, आणि आता अशी चाचणी रात्रंदिवस चालते. तिथे एखाद्या फाइलने सुमारे अडीच गिगाबाइटपेक्षा जास्त मेमरी घेतली तर तीही त्रुटी म्हणूनच नोंदली जाते. म्हणजे आपण ज्या दुखण्याबद्दल बोलतो आहोत, त्यावर पहारा आहे.

पण सापडलेली प्रत्येक त्रुटी कोणीतरी बसून दुरुस्त करावी लागते, आणि ते बरेचसे लोक स्वयंसेवक आहेत. नव्वदच्या दशकातल्या एखाद्या गेमच्या फॉरमॅटचा डिकोडर ते अजून जपतात, कारण जगात कुठेतरी कोणाची तरी जुनी कॅसेट, जुनी सीडी त्यावरच उघडते. आपण लग्नाचे पॅकेज लाखात विकतो आणि त्यातलं यंत्र फुकट वापरतो. निदान ‘भिकार सॉफ्टवेअर’ म्हणू नये, आणि जमेल त्याने प्रकल्पाला देणगी द्यावी.

एक उपाय मात्र आपल्या हातात आहे. सर्व्हरवर एफएफएमपेगची मूळ कोडपासून स्वतः बांधणी करत असाल तर सगळे डिकोडर बंद करून हवे तेवढेच चालू करता येतात. फोनवरून येणाऱ्या क्लिपना जेमतेम आठ-दहा पुरतात. जो डिकोडर बांधलाच नाही, त्यातली त्रुटी तुमच्याकडे पोचत नाही.

प्रश्न: सोसायटीच्या सीसीटीव्हीला धोका आहे का?

रेकॉर्डरच्या आत कोणती लायब्ररी आहे हे बाहेरून कळत नाही. विक्रेत्याकडे फर्मवेअरच्या अपडेटची चौकशी करा आणि तो रेकॉर्डर इंटरनेटला थेट उघडा ठेवू नका.

प्रश्न: मंडळाचं विसर्जन थेट दाखवायचं आहे. फाइल नसताना काय काळजी घ्यायची?

थेट येणारा प्रवाहही बाहेरून येणारा डेटाच आहे, त्यालाही वरची सगळी कुंपणं लागू. शिवाय प्रवाह स्वीकारणारं मशीन आणि रेकॉर्डिंग साठवणारं मशीन वेगळं ठेवा. मासुंदा तलावाकाठच्या गर्दीत फोनचं नेटवर्क वारंवार तुटतं, पॅकेट अर्धवट येतात, आणि तासन् तास चालणाऱ्या प्रोसेसमध्ये छोटी गळतीसुद्धा जमत जमत मोठी होते. दुपारी दोनला सुरू केलेलं काम रात्री अकराला मान टाकतं ते यामुळे. मिरवणुकीत दोन आरत्यांच्या मधे स्वीकारणारी प्रोसेस मुद्दाम बंद करून पुन्हा चालू करायची, हे आम्ही आधीच ठरवून घेतो. पाच सेकंद चित्र जातं, पण ते आपण ठरवलेल्या वेळी जातं.

प्रश्न: अशी फाइल हाती लागली तर कुठे कळवू?

आधी नवीन आवृत्तीवर ती चालवून बघा, अर्थात कुंपणाच्या आत. दुरुस्त झालेली असेल तर कळवायचं काही उरत नाही. नसेल तर एफएफएमपेगच्या संकेतस्थळावर सुरक्षेसाठी वेगळा ईमेल पत्ता दिलेला आहे, तिथे पाठवा. ग्रुपवर टाकू नका. आवृत्ती, पूर्ण कमांड, मेमरी किती चढली, हे तिन्ही लिहा.

फाइल पाठवण्याआधी थांबा. ती कोणाच्या तरी घरातल्या हळदीची क्लिप आहे. बिघाड बहुतेक सुरुवातीच्या काही किलोबाइटमध्ये असतो, तेव्हा तेवढाच भाग कापून बिघाड होतो का बघा, आणि होत असेल तर तेवढाच पाठवा. माणसांचे चेहरे त्यात जायची गरज नसते.

कोणी मुद्दाम फाइली पाठवून तुमचं काम पाडत असेल तर तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खालचा गुन्हा आहे, सायबर पोलिसांकडे तक्रार करा. कंपन्यांना आणि सेवा देणाऱ्यांना केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डिनायल ऑफ सर्व्हिस हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो. त्यासाठी लॉग हवेत, आणि रीस्टार्टच्या घाईत लॉग पुसले गेलेले मी पाहिले आहेत. बटण दाबण्याआधी कर्नलचा संदेश कॉपी करून ठेवा. कोणती प्रोसेस किती मेमरी घेऊन मेली, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं.